मासोळ्यांच्या टाकीला दुसरी गाळणी

सक्करदऱ्याच्या वस्तीत आता पुष्कळ घरांत काचेची टाकी दिसते. दुकानदार तिला फिशटँक म्हणतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत रंगीत खडे, एखादे झाड आणि तीन-चार लाल मासोळ्या. पूर्वी ही मोठ्या घरची हौस होती. आता शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या बाईच्या खोलीतही ती असते, कारण लेकराने हट्ट धरलेला असतो. हौस करायला हरकत नाही. पण एक तक्रार फार ऐकू येते.

"गुरुजी, आम्ही टाकी इतकी स्वच्छ ठेवतो जी, तरी मासोळी मरते. अन् मरते ती टाकी धुतल्यावरच. दोन दिवस झाले की एक उलटी तरंगते. पोरगं मग जेवत नाही."

या बोलण्यात कळीचा शब्द आहे 'धुतल्यावर'. आपली चूक तिथेच लपलेली असते. ती समजली, की टाकीला दुसरी गाळणी कशासाठी लावायची हेही समजते.

आधी हे पाहू, की मासोळीला घाण पाणी म्हणजे काय. आपण डोळ्यांनी पाहतो आणि म्हणतो, पाणी काचेसारखे आहे, म्हणजे चांगले आहे. मासोळी डोळ्यांनी पाहून ठरवत नाही. तिला त्याच पाण्यात श्वास घ्यायचा असतो. मासोळी खाते, विष्ठा टाकते. उरलेले अन्न खड्यांत कुजते. शिवाय तिच्या शरीरातला अमोनिया हा पदार्थ बहुतेक कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. जिथून श्वास घ्यायचा, तिथूनच घाणही टाकायची, अशी तिची रचना आहे. अमोनियाचा वास तुम्हांला ठाऊक आहे. गोठ्यात किंवा न धुतलेल्या मुतारीत जो वास नाकात झोंबतो, तो अमोनियाचा. टाकीत तो इतका थोडा असतो, की वास येत नाही आणि रंगही दिसत नाही. पण मासोळीचे कल्ले जाळायला तेवढा पुरतो.

नदीत किंवा मोठ्या तळ्यात हे विष साठून राहत नाही. आपला सक्करदरा तलावच पाहा. भोसल्यांच्या काळातला तो तलाव. त्याला कोणी पंप लावून ठेवला नव्हता. तरी त्यात मासे जगले. कारण तळाच्या मातीत, दगडांवर, पाणवनस्पतींच्या मुळांवर कोट्यवधी सूक्ष्म जीव बसलेले असतात, आणि अमोनिया हेच त्यांचे अन्न. त्यांचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या जातीचे जीव अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच आहे. ते मासोळीच्या रक्तात शिरले, की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मग दुसऱ्या जातीचे जीव नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. शेतकरी ते खत म्हणून पिकाला घालतो. म्हणजे पहिले विष, दुसरे विष आणि शेवटी खत. एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. नावे विसरलात तरी चालेल.

हे काम जीवजंतू करतात, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक नव्हते. सांडपाणी मातीतून झिरपले की सुधारते, हे दिसत होते. पण का, ते कळत नव्हते. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्यून्त्स या दोघा शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका लांब काचेच्या नळीत त्यांनी वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू सोडले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. वरून जो अमोनिया घालावा, तोच खालून निघे. नंतर खालून नायट्रेट येऊ लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. लागलीच काम थांबले. वाळू तीच, चुनखडी तीच, पाणी तेच, पण काम बंद! पुढे बागेच्या मातीचे थोडे पाणी नळीत घातले, तेव्हा काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने वाळू मरत नाही. मेले असेल तर काहीतरी जिवंत मेले असले पाहिजे. असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि तो बरोबर होता. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीव वेगळे काढून दाखवले. शाळेत विज्ञान कसे शिकवावे, असे कोणी मला विचारले, तर मी हाच प्रयोग सांगतो. त्यात महागडे यंत्र नाही, नुसता विचार आहे.

त्या प्रयोगातले वीस दिवस विसरू नका. आपल्याला ते पुढे लागणार आहेत.

आता गाळणीकडे येऊ. गाळणी म्हटले की आपल्याला चहाची गाळणी आठवते. चोथा वर राहतो, चहा खाली जातो. किंवा जुन्या क्रमिक पुस्तकातली मडक्यांची उतरंड आठवते. वरच्या मडक्यात पाणी, मग कोळसा, मग वाळू आणि सर्वांत खाली गाळलेले पाणी. टाकीच्या गाळणीतही पाणी स्पंजातून ओढले जाते आणि कचरा अडकतो. पण ते तिचे लहान काम. मोठे काम वेगळेच आहे. स्पंजाला असंख्य छिद्रे असतात. त्या छिद्रांच्या आत, बुळबुळीत तपकिरी थरात, तेच अमोनिया खाणारे जीव वस्ती करून राहतात. पाणी सतत वाहत असते, म्हणून त्यांना अन्नही मिळते आणि प्राणवायूही. म्हणजे गाळणी नुसती चाळणी नव्हे. ती जीवजंतूंची वसाहत आहे.

शहरांनाही याच थराने वाचवले आहे, बरं का. जर्मनीत हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे अगदी लागून होती. दोघेही एल्बे नदीचेच पाणी पीत. आल्टोना ते वाळूतून संथपणे गाळून घेई, हॅम्बुर्ग तसेच पिई. १८९२ साली पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारच्या आल्टोनात साथ तितकी पसरलीच नाही. वाळूच्या वर जो चिकट जिवंत थर बसतो, त्याने रोगजंतू अडवले होते. आपल्या नागपुरात १९५८ साली स्थापन झालेली आणि पुढे नीरी या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था पाण्याच्या अशाच प्रश्नांवर काम करते. आणि भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राकडे पाठवतात, तिथेही घाण खाणारे सूक्ष्म जीवच राबतात. तुमच्या टाकीतला चार आण्यांचा स्पंज म्हणजे भांडेवाडीचा धाकटा भाऊ समजा. (चार आणे ही जुनी बोली झाली, आज त्याला पुष्कळ जास्त पडतात.)

तर मग टाकी धुतल्यावर मासोळी का मरते?

रविवार येतो. घरची मंडळी मासोळ्या बादलीत काढतात. सारे पाणी ओततात. खडे धुतात. गाळणीचा स्पंज काळा झालेला दिसतो. तो नळाखाली धरून, पिळून पिळून, पांढरा होईपर्यंत धुतात. एखादी हौशी बाई साबणही लावते. नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचे पाणी येते. ते आपल्याला पिण्यास योग्य व्हावे, म्हणून त्यात क्लोरीन घालतात. क्लोरीनचे कामच मुळी जंतू मारणे. ते आपल्याला चांगले, पण स्पंजातल्या वसाहतीला काळ. वसाहत गेली. आता टाकी चकचकीत दिसते. मासोळ्या पुन्हा सोडल्या. त्या खाणार, श्वास घेणार आणि अमोनिया टाकणार. तो खायला घरात कोणीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विष वाढते. मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करतात, कोपऱ्यात बसून राहतात, आणि मग ती उलटी तरंगणारी मासोळी दिसते. नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळीतले वीस दिवस आठवा. आपण मात्र दर पंधरा दिवसांनी सारे धुऊन टाकतो. म्हणजे ती कधी बसतच नाही.

याला उपाय दोन. एक, स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतलेच पाणी बादलीत काढावे आणि त्यात स्पंज दोन-तीनदा हलका पिळावा. तो तपकिरी राहिला तरी राहू द्यावा. दुसरा उपाय म्हणजे टाकीला दुसरी गाळणी लावावी आणि दोन्ही एकाच दिवशी कधी धुऊ नयेत.

दुसरी गाळणी हे चैनीचे काम वाटते, पण तसे नाही. विहिरीवर एक दोर तुटला तर दुसरा असावा, तशी ही सोय आहे. एक गाळणी धुतली, बंद पडली, तिचा पंप जळाला, तरी दुसरीतली वसाहत काम चालू ठेवते. शिवाय पाणी अधिक फिरते आणि त्यात प्राणवायू अधिक मिसळतो.

सर्वांत स्वस्त गाळणी म्हणजे हवेवर चालणारी स्पंजाची गाळणी. तिला तीन वस्तू लागतात. एक छोटा हवेचा पंप, एक बारीक नळी आणि स्पंज बसवलेली प्लास्टिकची दांडी. ती कशी चालते, हे पाहण्यासारखे आहे. पंप नळीतून हवा सोडतो. हवेचे बुडबुडे दांडीच्या पोकळीतून वर चढतात. चढताना ते पोकळीतले पाणी बरोबर वर नेतात. पोकळीत पाण्याची जागा रिकामी झाली, की बाहेरचे पाणी स्पंजातून आत ओढले जाते. झाली गाळणी. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायला फारसे काही नाही. लहान पिले ओढली जाण्याचीही भीती नाही.

घरीही करता येते. झाकणाची एक छोटी प्लास्टिकची बरणी घ्या. झाकणाला आणि अंगाला तापलेल्या सुईने पुष्कळ भोके पाडा. झाकणाच्या मधोमध बोटभर जाडीची एक उभी नळी बसवा, ती बरणीच्या तळाजवळ पोचली पाहिजे. तळाशी धुतलेले जाड खडे घाला, म्हणजे बरणी पाण्यात बुडून बसेल. वर स्पंजाचे तुकडे भरा. पंपाची बारीक नळी या जाड नळीत वरून तळापर्यंत सोडा. स्पंज कोरा असावा. भांडी घासायचा स्पंज नको, त्यात पुष्कळदा औषध भरलेले असते. मडक्यातल्यासारखा कोळसा घालावा का, असे लोक विचारतात. कोळसा पाण्याचा रंग आणि वास ओढतो. अमोनियावर त्याचा उपयोग नाही, आणि काही आठवड्यांत त्याची शक्तीही संपते. मी म्हणेन, तेवढ्या जागेत स्पंजच घाला.

पंप कुठे ठेवायचा, याला फार महत्त्व आहे. तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच, फळीवर ठेवा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते. जागा नसेल तर दुकानात एकेरी झडप मिळते, ती नळीत बसवा. विजेची वायर थेट बटणाकडे ताणू नका. तिला खाली थोडा झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाशी टपकेल, बटणात जाणार नाही. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद. हे लेकरांकडून पाठ करून घ्या.

विजेच्या खर्चाची भीती वाटते का? चला, गणित करू. पंपावर ३ वॅट लिहिले आहे असे समजा. तो दिवसाचे २४ तास चालतो. ३ गुणिले २४ म्हणजे ७२. महिन्याचे दिवस ३०. ७२ गुणिले ३० म्हणजे २,१६०. एका युनिटाचे १,००० होतात. म्हणजे महिन्याला दोन युनिटांहून थोडे अधिक. तुमच्या बिलावर युनिटाचा दर छापलेला असतो, त्याने गुणा आणि किती रुपये होतात ते स्वतःच पाहा.

नवी गाळणी लावली, म्हणजे लगेच कामाला लागली असे नाही. पहिल्या दिवशी ती नुसता स्पंज आहे. दूध आपोआप दही होत नाही, त्याला विरजण लागते. इथेही तसेच. जुन्या गाळणीचा मळका स्पंज टाकीच्याच पाण्यात थोडा पिळा, आणि ते तपकिरी पाणी नव्या स्पंजावर ओता. टाकी दिवसभर गढूळ दिसेल. दिसू द्या. शेजाऱ्याच्या टाकीतले विरजणही चालते, पण त्याच्या मासोळ्या आजारी नाहीत एवढे विचारून घ्या, नाहीतर रोगही बरोबर येईल. विरजण घातले तरी दीड महिना दोन्ही गाळण्या जोडीने चालू द्या. त्या मुदतीत जुनीला हात लावू नका आणि नव्या मासोळ्या आणू नका. अन्न अगदी थोडे घाला. दोन मिनिटांत फस्त होईल इतकेच. दुकानात या जीवांच्या बाटल्याही विकत मिळतात. ज्याला परवडते त्याने घ्याव्यात, पण फुकटचे विरजण घरात असताना ती घाई कशाला?

ज्यांच्याकडे विजेच्या मोटारीची गाळणी आधीच आहे, त्यांनी ती काढू नये. तिच्या जोडीला स्पंजाची लावावी. मोटारीची गाळणी ठीक चालते का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. दोन फुटी टाकीत खडे आणि वरची मोकळी जागा सोडून सुमारे ४५ लिटर पाणी मावते. ते तासात चार वेळा गाळणीतून जावे, म्हणजे तासाला १८० लिटर, मिनिटाला ३ लिटर. गाळणीच्या तोंडाशी एक लिटरचा लोटा धरा आणि घड्याळ पाहा. २० सेकंदांत भरला तर उत्तम. ४० सेकंद लागले तर ती तुंबली आहे, तिची धुण्याची पाळी आली.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचे सांगतो, कारण इथली खरी परीक्षा मे महिन्यात होते. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ च्या आतबाहेर. गरम पाण्यात अमोनियाचे विषही जास्त जालीम होते. म्हणजे मासोळीवर दोन्हीकडून मार. अशा वेळी दुसऱ्या गाळणीचे बुडबुडे पाण्याचा पृष्ठभाग हलवत ठेवतात, आणि हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो. टाकी उन्हात किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकून ठेवू नका. दुपारी झाकण काढून जाळी ठेवा आणि टेबलपंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. माठातले पाणी थंड होते त्याच कारणाने टाकीतलेही दोन-तीन अंशांनी उतरते. पाणी उडून पातळी घटेल, ती रोज भरा. बर्फाचा गोळा मात्र टाकू नका. एकदम गार झालेले पाणी मासोळीला सोसत नाही.

वीज गेली तर? घाबरू नका. तासाभराने मगाने टाकीतलेच पाणी उचला आणि वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओता. असे पंधरा-वीस वेळा केले, की काही वेळाची सोय होते. मोटारीची गाळणी बंद डब्यात असते. ती पुष्कळ तास बंद राहिली तर आतली वसाहत गुदमरून कुजते. वीज आल्यावर आधी तिचे पाणी बाहेर ओतावे, टाकीच्या पाण्याने विसळावे, मगच सुरू करावी. स्पंजाची गाळणी टाकीत उघडीच असते, तिला हा धोका कमी.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा विजेवरचे औषध लावले असेल, तर तेही पाण्यात जाते. माणसाला ते सोसते, पण माशांना ती औषधे फार जहरी असतात. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा.

इतके सगळे ऐकून काही जण म्हणतात, "मग दोन गाळण्या लावल्या, आता दुप्पट मासोळ्या ठेवतो जी!" इथे मात्र मी नाही म्हणतो. गाळणी विषाचे खत करते, पण ते खत टाकीतच राहते. ते फार साठले तर शेवाळ माजते आणि मासोळी मलूल होते. गाळणी ते बाहेर काढत नाही, बादलीच काढते. दर आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे ४५ लिटरांतले ११ लिटर पाणी काढा आणि तेवढेच नवे घाला. नवे पाणी आदल्या दिवशी रुंद घंगाळात उघडे ठेवलेले असावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात हायपोचे खडे मिळतात, ते पुडीवर सांगितले असेल त्या मापाने घालावेत. पाणी बदलल्याने वसाहतीचे नुकसान होत नाही, कारण ते जीव पाण्यात नव्हे, तर स्पंजावर आणि खड्यांवर चिकटून राहतात. आणि लाल मासोळी, जिला गोल्डफिश म्हणतात, ती बोटाएवढीच राहत नाही, चांगली वीतभर होते. दोन फुटी टाकीत अशा दोन पुरे. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. तुळशीला, मोगऱ्याला घाला, खत आहे ते. मनीप्लांटची एक फांदी मुळे पाण्यात सोडून टाकीच्या काठावर ठेवली, तर ती रोजच थोडे खत पिऊन टाकते.

टाकीचा कंटाळा आला किंवा मासोळी फार मोठी झाली, तर ती दुकानात परत द्या, दुसऱ्याला द्या, पण तलावात सोडू नका. काच साफ करतो म्हणून जो काळा सकर मासा विकतात, तो परदेशातला. लोकांनी सोडल्यामुळे तो आपल्याकडच्या जलाशयांत पसरला आहे. कोळ्यांची जाळी फाडतो, स्थानिक माशांची जागा घेतो. पुण्य म्हणून सोडलेला मासा दुसऱ्याच्या पोटावर येतो.

आता दोन गाळण्या धुण्याची पाळी तेवढी ठरवून टाका. आपल्या सक्करदऱ्यात बुधवारचा बाजार भरतो, तो दिवस लक्षात राहायला सोपा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी जुनी गाळणी, तिसऱ्या बुधवारी नवी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पहिल्या बुधवारावर 'जु' आणि तिसऱ्यावर 'न' असे लिहा. लिहायचे काम घरात जो नुकताच लिहायला शिकला आहे, त्याच्याकडे द्या.